मोबाईलमधले सोरट : खेळ कोणता आणि जुगार कोणता?

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ‘सोरट’ आठवत असेल. जत्रेत किंवा शाळेच्या फाटकाजवळच्या दुकानात एक पुठ्ठा टांगलेला असे. त्यावर घडी घातलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. पाच-दहा पैसे द्यायचे, एक चिठ्ठी ओढायची आणि आतल्या आकड्याची वस्तू घ्यायची. वर मोठा चेंडू आणि चावीची मोटार लटकत असे. हातात मात्र बहुधा शिट्टी, फुगा नाहीतर लिमलेटची गोळी पडे. खिशातले पैसे संपले की सोरट संपले, कारण दुकानदार उधारीवर चिठ्ठी ओढू देत नसे आणि शाळेची घंटा झाली की पोरे वर्गात पळत.

हेच सोरट आता मोबाईलवरील खेळांत आले आहे. फरक इतकाच की इथे चिठ्ठ्या कधी संपत नाहीत, दुकान रात्री बंद होत नाही आणि पैसे मुलाच्या खिशातून न जाता वडिलांच्या बँक खात्यातून जातात.

पेणच्या दवाखान्यात आणि आठवड्यातून एक दिवस रोह्याला रुग्ण तपासताना गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर एक नवीनच तक्रार येऊ लागली आहे. मुलाचे डोके दुखते, झोप लागत नाही, चिडचिड वाढली आहे, असे सांगत आई-वडील येतात. चष्म्याचा नंबर तपासून होतो, रक्त तपासून होते, काही सापडत नाही. मग हळूच कळते की घरातून पैसे नाहीसे झाले आहेत. मोबाईल जास्त पाहू नये, हे आता सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे तो उपदेश मी येथे पुन्हा करत नाही. खेळाच्या आत लपलेला जुगार कसा ओळखावा, त्याचा मनावर काय परिणाम होतो आणि घरात काय करावे, एवढेच या लेखात पाहू.

लूट बॉक्स म्हणजे काय?

इंग्रजीत या प्रकाराला ‘लूट बॉक्स’ म्हणतात. गंमत अशी की ‘लूट’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याच देशातून नेला. तिकडे त्याचा अर्थ लढाईत हाती लागलेला माल, खजिना असा झाला. खेळात एक बंद पेटी दिसते. ती पैसे देऊन उघडायची असते. आत काय आहे ते आधी कळत नाही. कधी बंदुकीचा नवीन रंग, कधी खेळाडूचा पोशाख, कधी चांगला क्रिकेटपटू किंवा फुटबॉलपटू निघतो. बहुतेक वेळा मात्र किरकोळ वस्तू निघते. आपली मुले याला ‘स्पिन’, ‘क्रेट’ किंवा ‘लकी ड्रॉ’ म्हणतात. जपानमध्ये नाणे टाकून खेळणे काढण्याच्या यंत्रावरून याला ‘गाचा’ असे नाव पडले.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. दुकानात शंभर रुपये देऊन शंभर रुपयांचा चेंडू घेणे ही खरेदी झाली. तसेच खेळात ठरलेली किंमत देऊन ठरलेला पोशाख घेणे हीही खरेदीच. ती कदाचित उधळपट्टी असेल, पण जुगार नव्हे. पैसे आधी द्यायचे आणि काय मिळणार ते नशिबावर सोडायचे, ही मात्र जुगाराची रीत आहे. मुलगा कोणता खेळ खेळतो यापेक्षा त्या खेळात अशी बंद पेटी आहे का, हे पाहणे महत्त्वाचे.

पैसा दिसेनासा होतो

या खेळांत रुपया थेट वापरला जात नाही. आधी रुपये देऊन ‘डायमंड’, ‘कॉइन’ किंवा अशाच नावाचे खोटे चलन घ्यावे लागते. मुले त्याला ‘टॉप-अप’ म्हणतात. मग पेटीची किंमत त्या चलनात लिहिलेली असते. साठ डायमंड म्हणजे किती रुपये, हे मोठ्या माणसालाही चटकन सांगता येत नाही, तर तेरा वर्षांच्या मुलाला काय सांगता येणार?

त्यात आणखी एक खुबी असते. समजा, पेटी साठ डायमंडची आहे आणि डायमंड मात्र शंभराच्या पुडीत मिळतात. एक पेटी उघडली की चाळीस उरतात. ते वाया जाऊ नयेत म्हणून आणखी एक पुडी घ्यावीशी वाटते. पहिली पेटी फुकट, रोज हजेरी लावली तर बक्षीस, ‘फक्त आज रात्री बारापर्यंत’ अशी मुदत, आणि मित्राला काय मिळाले ते सर्वांना दिसेल अशी जाहिरात, ही सारी याच दुकानदारीची अंगे आहेत. यातले काहीही चुकून झालेले नसते. मुलाने थांबू नये म्हणून हे विचारपूर्वक रचलेले असते.

शंभरात एक म्हणजे किती?

अनेक खेळांत पेटीतून कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे कोठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेले असते. समजा, हवी ती वस्तू निघण्याची शक्यता एक टक्का आहे. मुलाचा समज असा होतो की शंभर पेट्या उघडल्या की एकदा ती मिळणारच. हा समज चुकीचा आहे.

शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या, तर सरासरीने ६३ मुलांना ती वस्तू निदान एकदा मिळेल आणि ३७ मुलांना एकदाही मिळणार नाही. त्या सर्वांनी तीनशे पेट्या उघडल्या, तरी पाच मुले रिकाम्या हाताने राहतील. पेटी चाळीस रुपयांना धरली, तर शंभर पेट्यांचे चार हजार आणि तीनशे पेट्यांचे बारा हजार रुपये होतात. ‘आता इतक्या वेळा नाही मिळाली, म्हणजे पुढच्या वेळी नक्की’ हा विचार जुगाऱ्याचा जुना भ्रम आहे. पेटीला मागचे काही आठवत नसते. काही खेळांत अमुक इतक्या पेट्यांनंतर वस्तू नक्की देण्याची सोय असते. पण त्यामुळे ‘इतके घातले, आता थोडक्यासाठी का सोडा’ या विचाराने मूल अधिकच अडकते.

हा हिशेब मुलाला कागद-पेन्सिल घेऊन करू द्यावा. रागावून सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा स्वतः केलेली एक बेरीज त्याला अधिक पटते, असा माझा अनुभव आहे.

मेंदूत काय घडते?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकात उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग केले. दर वेळी कळ दाबली की दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर प्राणी लवकरच कळ दाबणे सोडतो. पण दाणा कधी तिसऱ्या दाबाला, कधी विसाव्या दाबाला असा अनियमित मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावरही तो कितीतरी वेळ कळ दाबतच राहतो. जुगाराच्या यंत्रांचे आणि बंद पेटीचे मर्म यातच आहे.

१९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतील ‘डोपामिन’ या रसायनाच्या पेशींचा अभ्यास केला. अपेक्षा नसताना फळांच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोरात उद्दीपित होत. ठरल्याप्रमाणे मिळालेल्या थेंबाला तसा प्रतिसाद नसे. म्हणजे मेंदूला बक्षिसापेक्षा अनपेक्षित बक्षिसाची ओढ अधिक. २००९ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ‘थोडक्यात हुकले’ असे दिसले तर माणसाच्या मेंदूतील जिंकल्यावर जागे होणारे भागच काही प्रमाणात जागे होतात आणि पुन्हा खेळावेसे वाटते. फिरते चाक हव्या त्या बक्षिसाच्या अगदी शेजारी येऊन थांबते, त्याचा परिणाम असा होतो.

मोठ्या माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग अशा वेळी लगाम ओढतो. तो भाग पूर्ण तयार व्हायला वयाची विशी उलटून काही वर्षे जावी लागतात. म्हणून चौदा वर्षांचा मुलगा ‘कळते पण वळत नाही’ असे वागतो, तेव्हा तो केवळ हट्टी असतो असे नाही. त्याचा लगाम अजून तयार व्हायचा आहे.

मटक्याची आठवण

आपल्या भागाला हा रोग अगदीच नवा नाही. रायगड-रत्नागिरीतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या कामगारांच्या कित्येक घरांनी मटक्याचे चटके सोसले आहेत. पूर्वी न्यूयॉर्कहून मुंबईच्या कापूस बाजारात येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर बोली लागत असे. ती पद्धत थांबल्यावर आकडे काढण्याचे इतर मार्ग निघाले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा वरळी मटका आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांचा मटका सुरू झाला. गावी येणारी मनीऑर्डर का थांबली, याचे उत्तर काही घरांत त्या आकड्यांत होते.

तरीही मटक्याला एक मर्यादा होती. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ असे आकडे दिवसात ठरावीक वेळीच फुटत. मध्ये काही तास जात आणि तेवढ्यात माणूस भानावर येण्यास वाव असे. मोबाईलवरील पेटी दर काही सेकंदांनी उघडता येते. बोली आणि निकाल यांतले अंतर जितके कमी, तितका जुगार अधिक चिकटतो. शिवाय मटक्याच्या अड्ड्यावर जायला माणूस लाजत असे. येथे अड्डा अंथरुणातच असतो.

दोन उदाहरणे

रुग्णांची ओळख पटू नये म्हणून तपशिलात बदल केला आहे.

पहिले उदाहरण पेण तालुक्यातील नववीतल्या मुलाचे. वडिलांचा गणपतीचा लहानसा कारखाना. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून येणारा बयाणा मोबाईलवरूनच खात्यात जमा होई. मोबाईलवर पैसे कसे पाठवायचे हे वडिलांना याच मुलाने शिकवले होते, त्यामुळे गुप्त क्रमांक त्याला ठाऊक होता. रंगाचे पैसे द्यायला गेल्यावर खात्यात रक्कम नाही असे दिसले. बँकेतून उतारा काढला, तेव्हा दोन महिन्यांत लहान-लहान रकमा कित्येकदा गेल्याचे कळले. संदेश मुलगा पुसून टाकत असे. वडिलांनी मारले. मुलगा दोन दिवस जेवला नाही, तेव्हा आई त्याला माझ्याकडे घेऊन आली.

वडिलांना बाहेर बसवून मी त्याला विचारले, “बाळा, एवढे काय हवे होते तुला?” तो म्हणाला, “एका बंदुकीचा रंग. मिळाला, तेव्हा दोन दिवस बरं वाटलं. मग दुसरा आला.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “बाबांच्या मूर्ती रंगाशिवाय पडून आहेत ते मला दिसत होतं. तरी हात थांबत नव्हता.” या मुलाला आपण काय करतो आहोत ते पूर्ण कळत होते आणि त्याची लाजही वाटत होती. अशा मुलाला आणखी लाजवून काही साधत नाही.

आम्ही तीन गोष्टी केल्या. पैशाची वाट त्याच दिवशी बंद केली. खेळ एकदम न तोडता संध्याकाळचा अर्धा तास ठेवला, तोही ओटीवर, सर्वांसमोर. आणि सुट्टीत त्याला वडिलांच्या हाताखाली कारखान्यात बसवले. शिक्षा म्हणून नव्हे, तर आपण काय गमावले आणि ते कसे कमावले जाते हे त्याला दिसावे म्हणून. पहिले तीन आठवडे तो फार चिडे. पुढे झोप सुधारली. आठ महिन्यांनी तो मूर्तींना पांढरा हात द्यायला शिकला होता आणि खेळत होता तो बिनपैशाचा.

दुसरे उदाहरण रोह्याच्या सव्वीस वर्षांच्या तरुणाचे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम, तिसरी पाळी. तक्रार होती पित्ताची आणि झोप न येण्याची. कॉलेजात असताना खेळातल्या पेट्यांपासून सुरुवात झाली होती. पुढे तो पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर गेला. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम गेली, मोबाईलवरून झटपट कर्जे झाली, मित्रांची उधारी झाली. “आता जगून काय करायचे?” असे तो सहज बोलल्यासारखे बोलला. असे वाक्य सहज नसते. त्याच दिवशी त्याच्या भावाला बोलावून आम्ही त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. उपचार अजून चालू आहेत. तो कामावर जातो आणि पगार भावाच्या हाती देतो.

पेट्या उघडणारा प्रत्येक मुलगा या वाटेने जातो असे मुळीच नाही. २०१८ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी सात हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती घेतली. ज्यांचा जुगाराचा त्रास अधिक, त्यांचा पेट्यांवरील खर्चही अधिक, असे त्यांना आढळले. पेटीमुळे जुगार लागतो, की जुगाराकडे ओढा असलेला माणूस पेटीकडे अधिक ओढला जातो, हे अशा पाहणीतून ठरत नाही. पण दोन्हींपैकी काहीही खरे असले, तरी आपल्या घरातल्या कच्च्या मनाला पेटीपासून जपणे शहाणपणाचेच.

याला आजार म्हणावे का?

होय, पण सरसकट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणजे खेळाच्या व्यसनाचा विकार आणि जुगाराचा विकार, हे दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. हे वर्गीकरण २०१९ मध्ये स्वीकारले गेले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, या तीन खुणा साधारण वर्षभर दिसल्या आणि त्यामुळे शिक्षण, काम किंवा घर यांचे मोठे नुकसान होत असेल तरच तो विकार मानतात. त्रास फार तीव्र असेल तर वर्षभर थांबण्याची गरज नाही. सुट्टीत दोन तास खेळणाऱ्या मुलाला ‘व्यसनी’ म्हणू नये.

घरात पुढील गोष्टी दिसल्यास मात्र सावध व्हावे :

• पैशाचे संदेश पुसलेले असणे, आजीच्या डब्यातील किंवा दुकानाच्या गल्ल्यातील रक्कम कमी होणे.
• रात्री उशिरापर्यंत जागणे, सकाळी डोके दुखणे, शाळेत डुलक्या.
• मोबाईल घेतल्यावर नेहमीच्या रागापलीकडे थरथर, आदळआपट किंवा गप्प होऊन बसणे.
• मैदान, मित्र, सणवार यांतून मन उडणे.
• ‘एकदा ते मिळाले की सोडतो’ असे वारंवार म्हणणे.

पालकांनी काय करावे?

१. पैशाची वाट आधी बंद करा. मोबाईलवरील पैशाचा गुप्त क्रमांक बदला आणि तो मुलाला सांगू नका. जन्मवर्ष किंवा गाडीचा नंबर ठेवू नका. प्रत्येक खरेदीला परवानगी लागेल अशी सोय मोबाईलमध्ये असते, ती चालू करा. जमत नसेल तर बँकेतील किंवा ओळखीच्या जाणत्या माणसाची मदत घ्या.

२. रोजच्या व्यवहाराला वेगळे खाते ठेवा आणि त्यात थोडीच रक्कम ठेवा. धंद्याचा बयाणा, पेन्शन, लग्नाचे पैसे ज्या खात्यात आहेत ते मोबाईलला जोडू नका.

३. दर रविवारी आठवड्याचे व्यवहार वाचा. वीस-चाळीस रुपयांच्या अनेक नोंदी दिसल्या तर त्या कशाच्या ते पाहा. थेंबे थेंबे तळे साचते, तसे थेंबे थेंबे ते आटतेही.

४. मुलाशेजारी बसून त्याचा खेळ एकदा पाहा. “मला दाखव, यात काय असतं?” असे विचारा. पेटी कोणती, तिची किंमत रुपयांत किती, शक्यता किती, हे त्यालाच सांगू द्या.

५. रात्री मोबाईल मुलाच्या खोलीबाहेर ठेवा. नियम घरातल्या मोठ्यांनाही लागू असावा.

६. अल्पवयीन मुलाने परस्पर खरेदी केली असेल तर पावत्या जपून ताबडतोब परताव्याची मागणी करा. गुगल प्लेवरील खरेदीसाठी पहिल्या ४८ तासांत अर्ज करणे सोपे जाते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान मूल करार करण्यास पात्र नसते, हे मागणीत लिहावे. कोणी फसवून पैसे काढले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

काय करू नये?

मारू नये, चारचौघांत अपमान करू नये, मोबाईल दगडावर आपटू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या एका सोळा वर्षांच्या मुलाने पब्जी या खेळाच्या नादात आईच्या खात्यातील दहा लाख रुपये खर्च केले. खेळातील चलन आणि एक ‘आयडी’ मिळवण्यासाठी ही रक्कम गेली. आई-वडील रागावले, तेव्हा मुलगा चिठ्ठी लिहून घरातून निघून गेला. पोलिसांनी त्याला अंधेरीतील महाकाली लेण्यांच्या परिसरात शोधून काढले आणि पालकांच्या स्वाधीन केले. तो सुखरूप सापडला, हे त्या घराचे भाग्य. पैसे गेल्याचे उघड होते तो दिवस मुलासाठी सर्वांत धोक्याचा असतो. त्या दिवशी त्याला एकटे सोडू नये. “पैशाचं आपण पाहू, तू आधी जेव,” एवढे एक वाक्य त्या रात्री पुरेसे असते. हिशेब दुसऱ्या दिवशी करता येतो.

कायदा काय म्हणतो?

बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना जुगार ठरवले. जपानने २०१२ मध्येच त्यातील एका प्रकारावर बंदी घातली होती. चीनने २०१७ पासून पेटीतील शक्यता जाहीर करणे सक्तीचे केले. ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०२४ पासून अशा पेट्या असलेल्या नव्या खेळांना पंधरा वर्षांखालील मुलांसाठी योग्य नसल्याचे वर्गीकरण द्यावे लागते.

आपल्याकडे संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. या कायद्याचा मुख्य रोख पैशांच्या खेळांवर आहे. पेटीतून निघालेला रंग किंवा पोशाख सहसा खेळातच राहतो, त्याचे रोख पैसे खेळ देत नाही, म्हणून तेथे गोष्ट इतकी सरळ राहत नाही. तेव्हा कायदा झाला म्हणजे घरातले काम संपले, असे पालकांनी समजू नये.

उपचार कोठे मिळतील?

प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. पैशाची गोष्ट लपवू नये, त्याशिवाय निदान होत नाही. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांविषयी चौकशी करावी. ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतून बोलता येते. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या व्यक्तीसाठी क्षणाचाही विलंब करू नये. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून मोबाईल आणि इंटरनेटच्या अतिवापरासाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आहे.

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा फक्त फुकटच्या पेट्या उघडतो. चालेल का? (एक आई, रोहा)
उत्तर : पैसे जात नाहीत तोवर घाबरण्याचे कारण नाही. पण फुकटची पेटी ही दुकानदाराने दिलेली चव असते, हे त्याला समजावून सांगा. ‘पैशाची पेटी नाही’ हा नियम आजच, प्रसंग नसताना ठरवून ठेवा.

प्रश्न : खेळात आता करिअर आहे म्हणतात. मग आडवे का यावे? (एक वाचक, पेण)
उत्तर : २०२५ च्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे. त्यात कौशल्य लागते, सराव लागतो. पेटी उघडण्यात कसले कौशल्य? मुलाला स्पर्धेची खरी आवड असेल, तर तो पेटीवाचूनही खेळेल. झोप, अभ्यास आणि व्यायाम सांभाळून खेळत असेल तर त्याला प्रोत्साहन द्यावे.

प्रश्न : या व्यसनावर गोळी आहे का? (एक आजोबा, पेण)
उत्तर : नेमकी यासाठी अशी गोळी नाही. मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक विचारांची व सवयींची दिशा बदलण्याचे उपचार करतात आणि त्यांचा उपयोग होतो. सोबत नैराश्य, चिंता किंवा अतिचंचलपणा असेल तर त्यावर औषधे देतात आणि मग मूळ सवयही आटोक्यात येऊ लागते. आजोबांना मी आणखी एक सांगेन. संध्याकाळी नातवाला सोबत घेऊन बाजारात जा, नदीवर जा. घरात त्याच्याशी बोलायला निवांत वेळ असलेला माणूस बहुधा तुम्हीच आहात.

(पुढील आठवड्यात : भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसपासून बचाव)